तार एकच होती

राग आला की माणसाचा आवाज चढतो. फ्यूजमामांचा खाली जायचा. जितका राग मोठा, तितका आवाज बारीक. ज्याच्यावर ते रागावलेले असत त्यालाच पुढे सरकून कान द्यावा लागे आणि आपली हजामत आपणच जवळ जाऊन करून घ्यावी लागे. ते शिव्या देत नसत. एखादंच वाक्य बोलत, पण ते ऐकून गेलेला माणूस आठवडाभर आमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जाई.

मामा वीज खात्यात लाइनमन होते, त्यामुळे गावातल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव सगळ्यांना पटलं. त्यांचं बिनसलं की वीज गेल्यासारखी सगळीकडे एकदम शांतता व्हायची. मी त्यांची सख्खी भाची. ते आईचे धाकटे भाऊ. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला शाळेत शिकवते, आणि मामांचं गाव सौसरच्या बाजूला, बोरगाव ओलांडल्यावर. आई गेल्यापासून दर दुसऱ्या शनिवारी मी बसनं त्यांच्याकडे जात असे. मीसुद्धा त्यांना फ्यूजमामाच म्हणत असे, आणि ते त्यांना चालायचं. मामीला मात्र आवडत नसे. ती म्हणायची, "फ्यूज काऊन म्हणतं वं? फ्यूज जळते अन् घर वाचते. हे जळते अन् घरबी जळते."

नोकरीत असताना मामांची एक सवय होती. तारेवर जे काही मरून लटकेल ते ते खाली काढत. वटवाघूळ, बगळा, पोपट, घार, कधी वांदर. लाइन सुरू करणं एवढंच त्यांचं काम. मेलेलं पाखरू वाळून आपोआप पडलं असतं. पण मामा शिडी लावून चढत, हातमोजे घालून ते मोकळं करत आणि खांबाच्या बाजूला खड्डा करून पुरत. सोबतचे हसायचे. मामा म्हणत, "करंट विचारत नाही तू कोन म्हणून. तो सगळ्याईले सारखा धरते. मंग उतरवताना आपन काऊन विचाराव?"

एका वांदराची गोष्ट आमच्याकडे पुष्कळदा सांगितली जायची. बाजारपेठेच्या मागच्या रोहित्रावर एक मोठं नर वांदर चिकटून मेलं. गर्दी जमली, कुणी हात जोडले, कुणी फोनवर चित्रीकरण केलं. मामांनी लाइन बंद करवली, वर चढले आणि त्या जड देहाला खांद्यावर घेऊन शिडी उतरले. खाली आल्यावर आपल्याच गमछ्यात त्याला गुंडाळलं. पुढचं लोकांनी हातात घेतलं. तिरडी बांधली, फुलं आली, बँड आला, गुलाल आला. वांदराला आंघोळ घातली. मामा खांदा द्यायला पुढे झाले तेव्हा एक वडीलधारा माणूस फार गोड आवाजात म्हणाला, "दादा, आता राहू द्या. आंघोळ झाली ना त्याची."

आमच्या मोहल्ल्यातल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मामा घरी आले, हातपाय धुतले आणि मामीच्या शेजारी खाटेवर बसून इतक्या बारीक आवाजात बोलले की तिला वाकून ऐकावं लागलं. "वांदर मेल्यावर माणसात आलं. आपलं अजून यायचं हाये."

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच एक काम लावून घेतलं. आमच्या भागात रानडुकरं फार. हरभरा, भुईमूग, मका, काही ठेवत नाहीत. संत्र्याच्या बगीच्यात शिरली तर मुळं उकरून टाकतात. मामांना ते ठाऊक होतं, त्यांचाही एकरभराचा तुकडा होता. पण डुकरांसाठी लोक बगीच्याभोवती उघडी तार ओढायचे आणि खांबावरच्या चालू लाइनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडायचे. मामा संध्याकाळी वाळला बांबू घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधाबांधानं फिरत आणि दिसेल तो आकडा खाली ओढत. चोरून नाही. ओढला की ज्याचा असेल त्याच्या दारात जाऊन सांगत, "तुमचा आकडा काढला. परत टाकाल त परत काढन." कुणी भांडे, कुणी हसण्यावारी नेई. एकानं त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. ते कुत्रं मामांना ओळखत होतं, शेपूट हलवत त्यांच्या मागं आमच्या घरापर्यंत आलं आणि भाकरी खाऊन परत गेलं.

मामांच्या रागाला हसणारं एकच माणूस होतं. सुमन. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या रामदासची बायको, पटेलांच्या बगीच्यात मजुरीला जायची. मामा अंगणात बारीक आवाजात कुणावर तरी तापलेले असले की ती भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काकाजी, जोरात बोला ना. आमाले ऐकू नाही येत." मग मामांचाच फ्यूज जागेवर यायचा. तोड्याच्या दिवसांत डाग पडलेली संत्री ती पदरात आणायची आणि त्यातली चांगली चांगली मामांसमोर ठेवायची. मी गेले की मलाही द्यायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण मला "मास्तरीण" म्हणून चिडवायची. मुलगी चौथीत होती, तिला इंग्रजी कविता म्हणायला लावून स्वतःच लाजायची.

पटेलांविषयीही सरळ सांगायला हवं. ते वाईट म्हणून प्रसिद्ध नव्हते. उलट उन्हाळ्यात पाखरांसाठी झाडाझाडाला पाण्याची मडकी बांधणारा, गाईला पहिली पोळी दिल्याशिवाय न जेवणारा माणूस. मजुरांशी बोलणं मऊ. मामांनी त्यांच्या धुऱ्यावरचा आकडा दोनदा काढला, तेव्हा तेही भांडले नाहीत. त्यांनी फक्त बगीच्यातल्या पंपाच्या खोलीतून, स्वतःच्या मीटरवरून तारेत करंट घेतला. आता काढायला आकडाच नव्हता, आणि खोलीला कुलूप होतं. मामा त्यांच्याकडे गेले. पटेल म्हणाले, "दादा, रातच्यापुरता असते. पहाटे मीच बंद करतो. तुमी काळजी नका करू."

संत्र्याच्या तोड्याचे दिवस होते. सुमन मजुरीला जायच्या आधी बकरीसाठी धुऱ्यावरचं गवत कापायला गेली. त्या सकाळी पटेलांना उठायला उशीर झाला.

मला मामीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी पोचले तोवर सुमनला शवविच्छेदनाला नेलं होतं आणि धुऱ्यावर तार नव्हती. नुसते खुंट होते. पोलीस आले त्यांना पंपाच्या खोलीजवळची एक घासलेली केबल दाखवण्यात आली. अपघात, असं ठरलं. दुपारी मंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. रामदासला मधे बसवलं होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहत होता. पटेल खरोखर रडत होते. पोरीच्या शिक्षणाचं मी पाहतो, म्हणत होते. त्यांचा भाऊ मात्र शुद्धीवर होता. तो म्हणाला, "झालं ते वाईटच झालं. पण तार डुकरासाठी होती. सुमनसाठी थोडीच लावली होती."

कुणी त्याला गप्प केलं नाही. मी तिथल्या माणसांची तोंडं पाहिली. काही जण मान हलवत होते, जणू वजनकाट्यावर माप बरोबर आलं. बगीचा वाचवायचा तर तार हवी, तारेत डुक्कर मरणार, आणि कधीमधी डुकराच्या जागी दुसरं काही येणार. ते दुसरं काही आमच्या मोहल्ल्यातलं असणार, हे त्यांना इतकं साधं वाटत होतं की बोलून दाखवायची गरज नव्हती.

ओट्याच्या खाली उभे असलेले मामा काहीतरी बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही. पटेलांचा भाऊ म्हणाला, "काय म्हणता दादा?" मामांनी पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगितलं, "मंग डुकराचं मरन तिले आलं, असं लिहा कागदावर. अपघात काऊन लिहून राहिले?"

रामदासनं त्या कागदावर सही केली. दोन लहान लेकरं, घर मोहल्ल्यात, मजुरी पटेलांकडे. मामांनी त्याला दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून अंगणातल्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. सुमनची एक चप्पल कितीतरी दिवस धुऱ्यावर पडून होती. येणारे-जाणारे तिला टाळून जात. शेवटी मामी जाऊन घेऊन आली.

काही महिने तार नव्हती. मग हरभरा वर आला, डुकरं आली आणि तारही आली.

पुढच्या हिवाळ्यात त्याच धुऱ्यावर बिबट मेला.

सकाळी साडेनऊपर्यंत गावात इतक्या गाड्या आल्या की शाळेच्या मैदानात लावाव्या लागल्या. वनखात्याचे साहेब, जनावरांचे डॉक्टर, वास घेणारा कुत्रा, कॅमेरेवाले. जागेला दोरी बांधली. या वेळी तार काढायला कुणाला सवड मिळाली नाही. बिबट्याची नखं मोजली, दात मोजले, मिशासुद्धा जागेवर आहेत का ते पाहिलं, कारण त्या कुणी चोरून विकू नयेत. मग लाकडं रचून त्याला जाळलं आणि पूर्ण राख होईपर्यंत साहेब लोक तिथं उभे राहिले. गावातल्या काही बायका हळद-कुंकू घेऊन आल्या होत्या. तो शनिवार होता, मीही तिथं होते. तो बिबट फार देखणा होता. त्याच्या पंज्याखालची गादी जळून काळी पडली होती आणि तिच्यावरून माझी नजर हलत नव्हती, हेही खरं. आणि त्याच वेळी मला असं वाटत होतं की इथल्या प्रत्येकाची गचांडी धरून विचारावं, मागच्या वर्षी कुठं होतात.

तारेबद्दल कोण सांगेल म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा लोकांनी मामांकडे बोट दाखवलं. साहेब तरुण होते, बोलायला आदबशीर. मामांनी जे होतं ते सांगितलं: आधी आकडा होता, मग पंपाच्या खोलीतून लाइन आली, पटेलांशी काय बोलणं झालं. साहेब लिहून घेत होते. शेवटी मामा म्हणाले, "अन् मागच्या साली याच तारेवर बाई मेली. सुमन नाव. तेबी लिहा."

साहेबांचा पेन थांबला. "काका, वह पुलिस का मामला है। हमारे विभाग में नहीं आता।"

मामांचा आवाज खाली गेला. साहेबांना वाकावं लागलं. "साहेब, तार एकच होती."

साहेब चांगले होते, त्यांची मान खाली गेली. पण त्यांनी लिहिलं नाही.

परतताना मी मामांना म्हटलं, "मग तुम्ही कशाला साक्ष द्यायची? सुमनसाठी कुणी आलं नाही. बिबट्यासाठी तुम्ही का जायचं?" ते रस्त्यात थांबले. माझ्याकडे ते असे कधी पाहत नसत. "बिबट्यानं माह्यं काय बिघडवलं?" ते म्हणाले. "तोबी तिच्यासारखाच वाटेनं जाऊन राहिला होता."

पटेलांना अटक झाली. जामीन मिळायला वेळ लागला, कारण बिबट्याचा कायदा कडक. आणि मग जे घडलं त्यासाठी मी आजही कुणाला क्षमा केलेली नाही. पटेलांच्या माणसांनी तहसीलसमोर धरणं धरलं. मोठा फलक लावला: जानवर बड़ा या इंसान? फलकावर एका बाजूला बिबट्याचं चित्र होतं आणि दुसऱ्या बाजूला सुमनचा फोटो. तिच्या लग्नातला, रामदासच्या घरातून मागून नेलेला, मोठा केलेला. खाली लिहिलं होतं की आमची लेक मेली तेव्हा सरकार झोपलं होतं, आणि एका जनावरासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकलं. आमची लेक. ओट्यावर जो माणूस "तिच्यासाठी थोडीच लावली होती" म्हणाला होता, तोच माइक धरून हे ओरडत होता. रामदासला हार घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

त्यांनी मामांनाही बोलावणं पाठवलं. साहेबांसमोर सुमनचं नाव घेणारे मामाच होते ना. त्यांना वाटलं, आपला माणूस मिळाला. मामीनं अडवलं. मामा गेले, आणि मी त्यांच्यासोबत गेले. मंडपात त्यांचं स्वागत झालं. पटेलांच्या भावानं त्यांना हाताला धरून वर घेतलं आणि माइकवर विचारलं, "दादा, तुमीच सांगा सगळ्याईले. बिबट मोठा का माणूस मोठा?"

मामा माइकजवळ गेले. त्यांचा आवाज इतका लहान होता की माइक असूनही पुढच्या लोकांनी बोलणं थांबवलं.

"तू कोनाले वाचवलं ते सांग आधी," मामा म्हणाले. "सुमनले वाचवलं का? बिबट्याले वाचवलं? डुकराले? मंग तुले हे विचारून काय कराचं हाये?"

कुणीतरी माइक बंद केला. मामा तसेच बोलत राहिले. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. "सुमन मेली तवा तुमी तिले संत्र्यासोबत मोजली. आता बिबट्यासोबत मोजून राहिले. तिले एकटीले कवा मोजान?" मग खाली उतरून ते रामदाससमोर उभे राहिले. "ऊठ," म्हणाले. रामदास उठला नाही. त्यानं वर पाहिलंही नाही. गळ्यातला हार मात्र दोन्ही हातांनी असा धरून ठेवला होता की फुलं चुरगळली.

त्या दिवशी लोकांनी मामांच्या अंगावर हात टाकला नाही एवढंच. घरावर दगड आला. मामीची उतरंडीतली मडकी फुटली. मोहल्ल्यातले लोकही म्हणाले, "दादा, दोन्हीकून काऊन भांडता? एक बाजू धरा ना." मामांना याचा राग सगळ्यात जास्त आला. इतका की ते काही बोललेच नाहीत.

तहसीलच्या कोर्टात बिबट्याची केस उभी राहिली. मामांच्या साक्षीला मी रजा घेऊन गेले. पटेलांचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, तार कशासाठी होती? मामा हिंदीतून सांगू लागले, पण हिंदीत त्यांची मराठी शिरत होती. "डुकरासाठी." म्हणजे बिबट्याला मारायचा हेतू नव्हता? "नाही. सुमनले मारायचाबी नव्हता. पन डुकरं मेले, सुमन मेली, बिबट मेला. हेतू फक्त पटेलाइच्या मनात होता, करंट तारेत होता." वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या की या प्रकरणात फक्त बिबट्याविषयी बोला, बाकीचं नोंदवता येणार नाही. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांच्या आवाजाला जन्मभर ओळखते. तो त्या वेळी खाली गेला नाही. पहिल्यांदाच मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले, "नका नोंदवू बाईसाहेब. पन ऐकलं ना तुमी."

मागच्या बाकावर रामदास होता. पटेलांच्या माणसांनीच त्याला जीपमध्ये घालून आणलं होतं, गर्दी दिसावी म्हणून.

संध्याकाळी तो भिंतीला वळसा घालून अंगणात आला. मामीनं चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. मग तो म्हणाला, "काकाजी, ठान्यात गेलं त काय सांगाचं अस्ते?"

मामा म्हणाले, "जे झालं ते."

"मी त सही केली हाये."

"मंग तेबी सांगाचं. काऊन केली ते सांगाचं." आणि मामा चपला शोधू लागले.

त्या दिवशी त्यांना ठाण्यातून परत पाठवलं. पुन्हा गेले, पुन्हा पाठवलं. रामदासचं काम सुटलं, पोरीची शाळेची सोय बंद झाली. तिचं शिक्षण मग आम्ही पाहिलं. कितीतरी चकरांनंतर सुमनची चौकशी पुन्हा उघडली. तोवर मामांची किडनी बिघडली होती. नागपूरला दवाखान्यात मी त्यांच्याजवळ असायचे. अंग सुजलं होतं, पण रोज एकदा तरी कुणावर तरी रागवायचेच. एकदा मी म्हटलं, "मामा, आता राग कमी करा. डॉक्टर सांगून राहिले." ते म्हणाले, "डॉक्टरले म्हणा, हा किडनीत नाही हाये." मला हसू आलं, आणि त्यांनाही. मी पांढुर्ण्याला परत निघाले तेव्हा त्यांनी मामीला माझ्यासाठी डबा भरायला सांगितला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रामदासले तारखेले एकटा जाऊ देऊ नको." ते आमचं शेवटचं बोलणं.

बिबट्याचा निकाल अजून लागलेला नाही. सुमनची केस गेल्या महिन्यात पहिल्यांदा कोर्टासमोर आली. मी रामदाससोबत गेले. त्यानं मामांचाच पांढरा शर्ट घातला होता, मामीनं दिलेला, खांद्यात सैल. शिपायानं पुकारा केला: आधी शासनाचं नाव, मग विरुद्ध, मग पटेलांचं. सुमनचं नाव त्यात नव्हतं. आम्ही आत गेलो. पटेल एका बाजूला उभे होते, म्हातारे दिसत होते. त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

न्यायाधीश साहेबांनी कागदावरून नजर वर केली आणि रामदासला विचारलं, "आप कौन?"

स्वतःचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव, असं काहीतरी तो सांगेल असं मला वाटलं. रामदास हात जोडणार होता, ते त्यानं खाली घेतले.

"सुमन का आदमी, साहब," तो म्हणाला.